दारावरचा ओघळ

ओहायोतल्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात, हॉटडॉगच्या रांगेत माझ्यापुढे एक नवराबायको उभे होते.

"तोंड का पाडलंस, व्हर्लिन? बक्षीस गेलं?"

"गेलं, लोरेटा. दारावरच्या रंगाच्या ओघळापायी गुण कापले."

"मग राहू कशाला दिलास तो ओघळ?"

"राहिला नाही गं, मुद्दाम पाडला! एकोणसत्तर साली कारखान्यातून या गाड्या ओघळासकटच बाहेर पडायच्या. मूळ रूप म्हणजे मूळ रूप."

"मग बिघडलं कुठे?"

"ओघळ फारच सुबक आलाय म्हणे. कारखान्यात इतकं मन लावून कोणी रंगवत नसे."

"दोन हिवाळे गॅरेजात काढलेस की रे त्या दारापायी!"

"आता काय करू, सांग."

"आपली बाथरूम रंगवलीस ना, तस्संच ते दार रंगव. पहिलं बक्षीस आपलंच."