पहिल्याच दिवशी टॉवेल, टोपी, नारळ

साध्या सरळ कामात सत्कार घुसवणाऱ्या माणसाला एकदा धरून जाब विचारायला पाहिजे.

घाटनांदूरजवळच्या एका वीटभट्टीवर मध्य प्रदेशातून नुकत्याच आलेल्या मजुरांच्या मुलांसाठी आम्ही कॉलेजच्या मित्रांनी पत्र्याच्या शेडमध्ये शाळा सुरू केली. मी म्हणत होतो, कार्यक्रम नको, सरळ शिकवायला लागू. ऐकतंय कोण? प्रत्येक मुलाच्या बापाला टॉवेल, टोपी आणि नारळ दिला. कुणी हसलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत एकही मूल नाही. झोपड्यांकडे पळत गेलो, तर सगळ्यांची गाठोडी बांधून तयार! तेवढ्यात भट्टीचा मुकादम कपाळावर हात मारत आला.

"कशापायी दिले रं नारळ? दरवर्षी सीझन संपला की मालक टॉवेल, टोपी, नारळ देऊनच ह्यांना गावाकडं धाडतो. ह्यांना वाटलं, भट्टी बंद झाली!"

"मग आधी सांगायचं ना!"

"तुमी इचारलं व्हतं का?"

मी झोपडीझोपडीपुढे उभा राहून ओरडलो, "काम चालू है! स्कूल भी चालू है!" मुलं पाट्या घेऊन शेडकडे पळाली, तेव्हा कुठे जिवात जीव आला. मला हसूच आवरेना.

बरीच वर्षं इकडे कामाला येणारी एक म्हातारी आपल्या गाठोड्यावर बसली होती. ती म्हणाली, "हसतो काय, मास्तर? बांधली आमी, आता सोडायला तुमी लागा."