शेऱ्याचा रकाना

(प्रकाशा, तापीकाठची सरकारी खोली. मे १९६४ची अखेर, दुपार.)

वाणी : चुडामणआबा, मी काडेपेटी मागितली. तुम्ही सुई-दोरा काय काढताय?

चुडामण : बसा तं खरं, भाऊसाहेब. धुळाथून इतला उनमा येल शेतस. चा मांडस.

वाणी : चहा नंतर. नियम तुम्हाला पाठ आहे. पाण्याच्या उंचीच्या तीन वर्षांच्या वह्या पेटीत ठेवायच्या. नवी उघडली की सगळ्यात जुनी माझ्यासमोर जाळायची. आकडे पोस्टकार्डानं आमच्याकडे येतातच. आणा ती एकसष्टची.

चुडामण : देस ना. एक पान तेवढं उसवी लेस.

वाणी : कसलं पान? बघू. अहो, वही एकसष्टची आणि पान अठ्ठावन्नचं! हे शिवलं कुणी इथं?

चुडामण : मीच. अठ्ठावन्ननी वही जळनी, तवय काढी लिधं. आते नवी वहीमा शिवसू.

वाणी : धन्य आहे तुमची! वर कळलं तर नोकरी जाईल. आणि हे अक्षरही तुमचं नाही.

चुडामण : मन्ही घरवालीनं शे. माले अकरा दिन हिवताप व्हता. भर श्रावण, तापी दोन्ही थडी भरीसन. ती पाणीमा उतरे, घाटवरनी पट्टी वाचे, आनि लिखे. दुसरीलोंग शिकेल व्हती.

वाणी : आकडे व्यवस्थित आहेत हो. पण शेऱ्यात काय हे? विशेष काही नसलं की 'निरंक' लिहायचं.

चुडामण : तिले काय माहीत निरंक? माले इचारे, आठे काय लिखू? मी तापमा. बोलनू, लिख काहीबी.

वाणी : 'मी आठेच शे.' म्हणजे, मी इथंच आहे. दुसऱ्या दिवशी पण, 'मी आठेच शे.' अकराही दिवस हेच.

चुडामण : मी उठनू आनि ती पडनी. दसराबी दिसना नही तिले. तवयपासून मी एकलाच निरंक, निरंक लिखी ऱ्हायनू. तुमना हापिसमा कोनी वाचस का हो ते?

वाणी : खरं सांगू, आबा? आकडे वाचतात. शेरा कुणी वाचत नाही.

चुडामण : वाटनंच माले. लेक सासरले गयी, आठे बोलाले कोनी नही. दिन बुडना का हाई पान उघाडस, मंग जेवन जास. तुम्हीच जाळा, भाऊसाहेब. मी जाळाव नही.

वाणी : द्या ते इकडे. दौत-टाक कुठंय?

चुडामण : काय लिखतस?

वाणी : 'पाहिले.' खाली माझी सही, आजची तारीख. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. शिवा आता नव्या वहीत.

चुडामण : सहा वरीसमा पहिलांदाच कोनी पाह्यं.

वाणी : पण तीन वर्षांनी हिचीही पाळी येणार, आबा. तेव्हा मी येईन की दुसरा कुणी, सांगता येत नाही.

चुडामण : येऊ द्या कोनीबी. मी आठेच शे.