पेटीचं खरं वजन

—नाही रे, घाबरत नाही मी, कानाला हे यंत्र लावून दिलंयस ना, मग कुणाशी तरी बोलावं म्हणून बोलतेय. मागं आमच्या गावचा वासिली बसलाय, त्याला इंजिनाच्या घरघरीत ओरडल्याशिवाय काही ऐकू जात नाही, आणि गेलं तरी तो उत्तर देत नाही, म्हणून तू. तूही देत नाहीस म्हणा. चार महिने झाले तुला आमच्या गावाला विमान आणायला लागून, आणि शिकलास काय, तर होय म्हणायला नुसत्या भुवया उचलायच्या, आमच्या माणसांसारख्या. बाकी शून्य. पण उचलतोस छान हं — गावातल्या पोरी नक्कल करतात तुझी, सांगितलं नाही कुणी? बरं, मला एक सांग, हे ढग मघापासून संपत का नाहीयेत? निघताना म्हणालास, ओलिंका आजी, जरा वर गेलो की ऊनच ऊन. कुठाय ऊन?

मी आपली माझ्या बाजूच्या दांड्याकडे बघत बसलेय — हाच तो, पंखाला खालून टेकू दिलेला. मघाशी त्याच्यावर पांढरी रेघ होती, खडूनं ओढावी एवढी. आता बोटाएवढी जाड झालीय. काचेच्या कोपऱ्यातही बर्फ धरलंय. तू ते पंखाच्या कडेचं काळं रबर फुगवलंस ना, ते कळलं मला, फुगलं की बर्फ तडकतं नि उडून जातं — गेलंही, पाहिलं मी, पण त्याच्या मागं, रबर पोचत नाही तिथं, ते तसंच आहे की, चांगला उंचवटा झालाय. मात्रोनाचा नवरा असाच गेला. मात्रोना म्हणजे माझी थोरली बहीण, तिच्याकडेच निघालेय मी. त्याचं विमान सापडलं ना, तेव्हा फार मोडलेलंही नव्हतं रे, जड जड होत गेलं आणि टुंड्रात खाली बसलं, बस — जाऊ दे. असल्या वेळी असलं बोलू नये.

काय? वजन? माझं? सांगितलंय की निघताना. पेटीचंही सांगितलं, तीस पौंड, तू लिहून घेतलंस. मग आता परत कशाला विचारतोस? — तो काटा का खाली येतोय? वेगाचाच ना तो? आपण वर चढत नाहीयोत. नाक वर केलंयस आणि आपण तिथल्या तिथं. बोल ना काहीतरी. बरं, ऐक, रागावू नकोस, पेटी तीस नाही. नव्वद असेल. शंभरही असेल. आणि माझं वजन मी कोट सोडून सांगितलं, बूट सोडून सांगितलं, सगळे तसंच सांगतात. तराजू आहे गावात, पण विमानाच्या दिवशी त्याच्याकडे कोण बघतंय? तू विचारतोस, आम्ही सांगतो, त्या दिवशी अख्खं गाव हलकं होतं. खरं सांगितलं असतं तर पेटी धावपट्टीवर राहिली असती, पुढच्या विमानानं नेऊ म्हणाला असतास, आणि पुढचं विमान कधी, तर हवा येऊ देईल तेव्हा. मात्रोनाकडे तेवढे दिवस नाहीत. माझ्या नातवानं, एवॉननं, समुद्रात पहिल्यांदाच सीलची शिकार केलीय, पेटीत त्याचंच मांस नि चरबी आहे. पोराचा पहिला सील घरात ठेवत नाहीत आमच्यात, सगळा वाटून टाकायचा, आणि पहिला वाटा नात्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाचा. ते माणूस बेथेलच्या इस्पितळात पडलंय, मग मी काय करणार होते?

थांब, ओरडून त्यालाही विचारते. वासिली! ए वासिली, त्या पोत्यात काय आहे तुझ्या? कपडे नाहीत ते मला ठाऊक आहे. सांग या पोराला. — बर्फावरच्या गाडीचं इंजिन म्हणतोय. अख्खं. भावाकडे दुरुस्तीला नेतोय. दोघांनी मिळून ते आत चढवलं तेव्हाच मला कळलं होतं, पण मी कुठल्या तोंडानं बोलणार, माझीच पेटी तसली.

हे काय, हातातलं चाक पुढं ढकललंस? खाली चाललोय आपण? वर जायचं होतं ना? — बरं, बरं, कळलं, एवढं ओझं घेऊन हे वर चढायचं नाही, खाली हवा उबदार आहे, नदीवरचं बर्फ फुटून गेलंय, पाणी मोकळं झालंय, तिथं हे वितळेल. पण वितळेपर्यंत जमिनीनं दम धरायला हवा ना. काही दिसत नाही रे. नुसतं पांढरं. आणि हे काय किंचाळतंय? बंद कर ते. नको, राहू दे, मला माहीत आहे ते कशासाठी आहे, पंखांचा हवेवरचा जोर सुटायला लागला की ते ओरडतं. मला भीती वाटतेय. मघाशी म्हणाले ना, घाबरत नाही — तेही वजनासारखंच सांगितलं होतं.

आता बोलतेच आहे तर हेही ऐक. मात्रोना आठवडाभर काही खात नाहीये. गिळताच येत नाही तिला. पहिला वाटा म्हणजे काय, तर चरबीचा तुकडा ओठाला लावायचा, एवढासा, बोटाएवढा — माझ्या खिशात मावला असता. मग शंभर पौंड कशाला घेतले? बेथेलच्या लोकांना दाखवायला. आमच्या एवॉननं केवढा मारला ते बघा म्हणून. तिच्यासाठी नाही रे आणलं मी, आणि तिच्या नवऱ्याला ज्यानं नेलं तसल्याच विमानाच्या पाठीवर लादून आणलं. वासिलीला सांगू नकोस हे.

मागं धाडकन काय वाजलं? बर्फ ना? बर्फाचा तुकडा सुटला ना? किंचाळणं थांबलंय. — परत लागलं. खाली काहीतरी काळं दिसतंय, पाणी आहे का ते, की माझे डोळेच — पोचू ना रे आपण? बोलू नकोस, तुला वेळ नाही, कळतंय मला. माझ्याकडे बघूही नकोस, मीच बघते तुझ्याकडे. भुवया उचल. नुसत्या भुवया, पोरा.