मागच्या पायरीवरची ताटली

मलेशियातल्या कोटा किनाबालूच्या दवाखान्यात लिदविना मांडीवरच्या लेकीचा ताप हातानं पुन्हापुन्हा बघत बसली होती. शेजारी सिस्टर एका म्हाताऱ्याला दटावत होती.

"गिंबांगकाका, तुमच्या रक्तात माकडांचा मलेरिया निघालाय. संध्याकाळी मागच्या पायरीवरच जेवता ना?"

"बायको होती तेव्हापासून."

"आणि माकडं येतात?"

"येतात की. तिच्या ताटलीतलं खातात."

"काकू जाऊन वर्ष झालं! अजून ताटली वाढता?"

"मग काय एकट्यानं जेवू?"

"त्या माकडांना चावलेले डास तुम्हाला चावतात, काका! आता घरातच जेवायचं. आणि रक्त तपासायला रोज इथे यायचं."

"रोज? तू असशील?"

"असेन की."

"मग पोरी, तू जेवतेस किती वाजता?"