भिंतीतलं मीठ

— नाही, मैथिली, ‘नूतनीकरण’ म्हणू नका. या मोहल्ल्यात नवं काही करायचंच नाही. करायचं ते जतन. शब्द घसरला की हातही घसरतो — असो, तुम्ही पुण्याहून वास्तुरचना शिकून आलात, तुम्हाला मी काय सांगावं! या, उंबरा जपून. ही मोत्यांच्या व्यापाऱ्याची बैठक. वर तो मनोरा दिसतो ना, त्याला इथे बारजील म्हणतात. वाहता वारा अडवायचा आणि खाली बसलेल्यांच्या अंगावर सोडायचा, एवढंच त्याचं काम. छताचे वासे आफ्रिकेहून आले, दारांचं सागवान हिंदुस्थानातून, आणि भिंती? भिंती समुद्रातल्या — प्रवाळाचा दगड, शारजाच्या खाडीतून होड्यांनी आणलेला. सुरेख आहे की नाही? आहेच. म्हणून म्हणतो, संध्याकाळी मालक येतील तेव्हा फार विचार न करता होकार द्या. मी त्यांना शब्द दिलाय ना, की या घराला जाणता माणूस मिळाल्याशिवाय मी जाणार नाही. तुम्ही हो म्हणालात की मी सुटलो — सुटलो म्हणजे, निवृत्त झालो, असं म्हणायचं होतं मला.

हे काय? पांढरं? बुरशी नव्हे ती, मीठ. बोट लावा, चाखा — खारट ना? प्रवाळ आला तो समुद्र पोटात घेऊनच. त्यात खाडीची ओल खालून चढते, उन्हानं सुकते, आणि मीठ गिलाव्याला आतून लोटत राहतं. ही भिंत आम्ही मार्चमध्ये पुरी केली होती. मग आता? आता खरवडायची, पुन्हा लिंपायची. दरवर्षी? अं — दरवर्षी. थांबतं कधी? थांबतं, असं सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं. पण खोटं कसं बोलू? शेवटची खोली होईतो पहिलीचा गिलावा सुटलेला असतो. पूर्वी इथे माणसं नांदत होती, पोपडा निघाला की हात फिरवून मोकळी होत — त्यांच्या लेखी ती झाडलोट. माणसं दुसरीकडे राहायला गेली, झाडलोट माझ्या वाट्याला आली.

मी? मी सहा महिन्यांसाठी आलो होतो. यंदा अकरावं वर्ष. समिधा, माझी पत्नी, सांगलीला असते — पूर्वी फोनवर विचारायची, “कधी येताय?” हल्ली विचारते, “जेवलात का?” मागच्या उन्हाळ्यात तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली म्हणून गेलो, तर ती काठी घेऊन चालू लागते न लागते तोच मालकांचा फोन — “सूर्यकांत, यल्ला, जल्दी आओ, छत गिर रहा है!” आलो परत. तिनंच बॅग भरून दिली. जाऊ द्या. तुमच्याआधी तिघे आले होते. एक आठवडाभर टिकला, बाकीचे दोघे ही भिंत पाहूनच — पण तुम्ही तशा नाही! तुमची दृष्टी निराळी आहे, तुम्ही — मैथिली? पर्स का उचललीत? मालक यायला अवकाश आहे अजून. मी फार बोललो का? हो. बोललो खरा. नाही, मनधरणी नाही करणार. शब्द मी दिलाय, तुम्ही नव्हे. जा. इन्शाल्ला, चांगलं काम मिळेल तुम्हाला. खाली पहारेकरी मुश्ताकनं दोघांचा चहा ठेवला असेल. जाता जाता त्याला सांगा — एकच कप.