अनधिकृत तानाबाई

संयोगिता : माझ्याच आत्तीचं चित्र काढलं म्हणून मी चोर?

वकील : चोर असं कुठं लिहिलंय नोटिशीत? 'उल्लंघन करणारी व्यक्ती' असं लिहिलंय.

संयोगिता : कोल्हापुरात त्याला चोरच म्हणतात, वकीलसाहेब.

आत्ती : हळू बोल की गं. जिन्यात पक्षकार बसल्यात.

संयोगिता : बसू देत. ऐकू देत. त्यांचं तरी काय निराळं हुणाराय हितं?

वकील : बसा दोघी. हंबीरराव वर नाही आले?

आत्ती : न्हाय. खाली चहाच्या गाड्यावर बसलाय भाऊ माझा. म्हणाला, आक्का, तू जा, पोरगी तुझं ऐकती.

वकील : तालीम मंडळाचे अध्यक्ष ते. कंपनीला दिलेल्या पत्रावर सही त्यांची. त्यांनी यायला पाहिजे होतं.

संयोगिता : आबा यायचे न्हाईत. नोटीस आल्यापासनं माझ्याकडं मान वर करून बघत न्हाईत. जेवायला बसलं की 'मीठ सरकव' एवढंच.

वकील : बरं. मला तुमच्या तोंडून एकदा ऐकू द्या. नोटीस पाठवणारी कंपनी म्हणते, तानाबाई हे पात्र त्यांचं. डावा हात लोखंडी, हिरवं लुगडं, पायात कापशी चप्पल. सगळं त्यांचं.

संयोगिता : ही तुमच्यासमोर बसलीया ना, ही तानाबाई. माझी आत्ती. आबांची थोरली बहीण. नेसरीला कडबाकुट्टीत हिचा डावा हात गेला. आमच्याकडं राहायला आली तेव्हा गल्लीतली पोरं हिला बघून पळायची. मी त्यांना सांगायचे, पळू नका लेकांनो, वेळ आली की तिथनं लोखंडी हात बाहेर येतो, शिरोलीच्या फौंड्रीत ओतलेला. थाप मारली होती. कॉलेजात गेल्यावर त्याच थापेचं कॉमिक केलं.

आत्ती : थाप कसली, पोरं खरंच भ्यायला लागली. रेशनच्या रांगेत मला फुडं सोडायची.

वकील : आणि कॉमिकवर नाव कुणाचं?

संयोगिता : मंडळाचं.

वकील : तुमचं का नाही? तुम्ही तर फौंड्रीत कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करता. तिथं सही न करता ड्रॉइंग पुढं जातं का?

संयोगिता : तिथं साध्या बोल्टच्या ड्रॉइंगलाबी सही लागते. पण तालमीत स्वतःचं नाव कोण घालतंय हो? गणपतीला देखावा उभा राहिला की खाली पाटी एकच, मंडळाची. खिळा कुणी मारला, रंग कुणी दिला, इचारायचं नसतंय. ज्यानं नाव घातलं त्याला पोरं वर्षभर चिडवतात, 'आला बघा आर्टिस्ट.' पहिल्या वर्षी मी देखाव्याच्या पडद्यावर तानाबाईच्या टाचेपाशी बारीक सही केली होती. आबांनी स्वतः पुसली, सगळ्यांदेखत. म्हणाले, अध्यक्षाच्या पोरीला निराळा नियम न्हाय. आणि खरं सांगू? मला अभिमान वाटला होता त्याचा.

वकील : कॉमिकचं नेटवरचं पानसुद्धा मंडळाच्याच नावानं?

संयोगिता : मग! मला वाटायचं, अख्खी तालीम माझ्या पाठीमागं उभी हाय.

वकील : आणि कंपनी कशी आली?

संयोगिता : तानाबाईचा हलता देखावा केला आम्ही. हात असा वर जायचा आणि परग्रहावरनं आलेली तबकडी दाण्णदिशी खाली. जयसिंगपूर, गडहिंग्लजपासनं लोक आले बघायला. पुण्याची ही गेमवाली कंपनीही आली. म्हणाली, देखाव्याचा सगळा खर्च आमच्याकडं.

वकील : पुढचं हंबीररावांनी मला फोनवर सांगितलं. स्टेजवर कंपनीच्या माणसाला फेटा बांधला, मानाचा नारळ दिला. आणि कंपनीवाले म्हणाले म्हणून मंडळाच्या कागदावर हे लिहून दिलं. 'सदर पात्र मंडळाच्या सर्व कार्यकर्त्यांनी मिळून तयार केले असून त्यावर कोणा एकाचा हक्क नाही. ते आम्ही आपणांस प्रेमाने देत आहोत.' खाली शिक्का.

आत्ती : त्यात वंगाळ काय हाय? प्रेमानं दिलं म्हणतोय.

संयोगिता : आत्ती, आपण प्रेमानं दिलं आणि त्यांनी ट्रेडमार्क करून घेतलं.

आत्ती : ते काय अस्तंय?

वकील : मावशी, म्हशीच्या कानात बिल्ला मारतात की नाही? तसा नावाला मारायचा बिल्ला. बिल्ला ज्याच्या नावावर, म्हैस त्याची.

आत्ती : वैरण कुणी घातली, शेण कुणी काढलं, ते न्हाईत इचारत?

वकील : विचारतात. फार उशिरा विचारतात.

संयोगिता : पण कायदा माझ्या बाजूनं हाय. मी वाचलाय. ज्यानं चित्र काढलं, हक्क त्याचा.

वकील : बरोबर वाचलाय. तुम्ही मंडळाच्या पगारी नोकर नव्हता. मंडळाला तुम्ही काही लिहून दिलेलं नाही. म्हणजे जे मंडळाचं नव्हतंच, ते मंडळानं देऊन टाकलं. हे पत्र पोकळ आहे. तुमच्या लॅपटॉपवर कच्च्या फायली आहेत. केस उभी राहते.

संयोगिता : मग करा की उभी! काय बघालाय माझ्याकडं?

वकील : करतो. तुमच्यानंतर साक्षीला कुणाला बोलावू?

संयोगिता : कुणालाबी बोलवा.

वकील : कुणालाही नाही चालत. पत्र खोटं पाडायचं म्हणजे सही करणाऱ्यालाच विचारायला लागतं. एकच प्रश्न. हे चित्र तुमच्या मुलीनं एकटीनं काढलंय, हे तुम्हाला ठाऊक होतं का? नाही म्हणाले, तर तुमची केस तिथंच ढासळली. हो म्हणाले, तर ठाऊक असून खोटं लिहून दिलं. मग कंपनी फसवणुकीची तक्रार त्यांच्यावर टाकते. नोटिशीत शेवटी तसं सुचवूनच ठेवलंय.

आत्ती : म्हंजे पोरीनं जितायचं म्हंजे बापानं चोर व्हायचं?

वकील : फसवणूक करणारी व्यक्ती.

आत्ती : तुमी सारखं तेच करताय बगा. शिवीला इस्त्री.

संयोगिता : पोरं सांगतील की. बंडू, जोतीराम. मला काढताना सगळ्यांनी बघितलंय.

वकील : विचारलं त्यांना?

संयोगिता : जोतीराम म्हणाला, अध्यक्षांच्या विरोधात कोर्टात? परत तालमीच्या पायरीवर कोण उभं करंल आम्हाला? बंडू फोन उचलत न्हाय. आणि यंदाचा देखावाही त्याच कंपनीचा. तेच पात्र, पाटीवर कंपनीचं नाव. माझ्या चित्राखाली माझ्या नावाला जागा नव्हती, त्यांच्या नावाला मिळाली. कार्यकर्ते म्हणं! नारळ फोडायला पुढं, आणि साक्षीचं नाव काढलं की मोबाईल बंद.

आत्ती : आवो पण वकीलसायब, तोंड माझं हाय की. मी माझं तोंड कुणाला प्रेमानं दिल्यालं न्हाय. मीच करते केस.

वकील : तोही विचार केला मी. आपल्या चेहऱ्यावर आपला हक्क, असं मोठ्या नटनट्यांना कोर्टानं दिलंय.

आत्ती : आन मला?

वकील : तुम्हाला कोण ओळखतं, मावशी?

संयोगिता : कोण ओळखत न्हाय? शाळेच्या गॅदरिंगला पोरी तानाबाई होतात! जयसिंगपूरचा ज्ञानू पत्रेवाला तेलाच्या डब्याचे लोखंडी हात करून विकायचा. त्या बिचाऱ्यालाबी नोटीस. त्यानं भिऊन सगळे हात भंगारात घातले.

वकील : ते चित्रातल्या तानाबाईला ओळखतात. यांना नाही. आणि आणखी एक अडचण आहे. मावशी, गेममधली तानाबाई बघितलीय का तुम्ही? माझा मुलगा अर्णव खेळतो. थांबा, दाखवतो.

(वकील मोबाईल आत्तीसमोर धरतात.)

आत्ती : ही कोण?

वकील : तानाबाई.

आत्ती : ही? आगं बया. ही तर चिपाड हाय नुसती. हिचं लुगडं कुठाय?

संयोगिता : हेच लुगडं. त्यांनी त्याचं असं केलंय. गेममधल्या पोशाखाला स्किन म्हणतात. पैसे भरले की ह्याच्याहून कमी कपड्यातली मिळती.

आत्ती : आन बोलतीया काय ही? हिंदीत?

संयोगिता : व्हय.

आत्ती : कापशी चप्पलबी काढली. टाचंचा बूट घातलाय. ह्या बुटावर ही उसाच्या सरीत दोन पावलं तरी चालंल काय? वय काय हिचं? आमच्या वर्षाराणीच्या पोरीएवढी दिसतीया.

वकील : तेच सांगतोय. चेहरा त्यांनी बदलून टाकला. तुमचं तोंड त्यात कुठं राहिलंच नाही. राहिलं ते नाव आणि हात.

आत्ती : तोंड आवडलं न्हाय त्यास्नी.

वकील : तसं नव्हे, मावशी...

आत्ती : तसंच की. नाव ठिवलं, तुटल्याला हात ठिवला, आन माणूस फेकून दिलं.

संयोगिता : बघा! चेहरा बदलला म्हणून आत्तीचा हक्क न्हाय आणि नाव तेच ठेवलं म्हणून मला काढायला बंदी. दोन्हीकडनं तेच खातात. थुंकते मी असल्या कायद्यावर.

वकील : कायद्यावर चिडून उपयोग नाही.

संयोगिता : मग कुणावर चिडू? आबांवर? का तुमच्यावर?

वकील : माझ्यावर चिडा. मला सवय आहे. पण उद्या संध्याकाळपर्यंत मुदत आहे. काही केलं नाही तर वेबसाईटकडं त्यांची तिसरी तक्रार पडते आणि पान कायमचं जातं. सगळे भाग, लोकांनी खाली लिहिलेलं सगळं. मग वेबसाईटवाले तुमचं ऐकूनही घेत नाहीत, तिकडं माणूसच बसलेला नसतो.

संयोगिता : आणि दुसरा रस्ता?

वकील : त्यांचं चाहत्यांसाठी धोरण आहे. फॅन-आर्टचं. तुम्ही तानाबाई काढायची, पण विकायची नाही. आणि प्रत्येक चित्राखाली लिहायचं, 'हे चाहत्याने काढलेले अनधिकृत चित्र आहे. मूळ पात्र कंपनीचे.' तसं हमीपत्र दिलं की पान राहतं.

संयोगिता : फॅन?

वकील : हो.

संयोगिता : माझ्याच तानाबाईची? अनधिकृत?

वकील : शब्द त्यांचा आहे.

संयोगिता : नाशिकच्या एका पोरानं तानाबाई रणगाड्यावर बसवून काढली होती. मला विचारलं, ताई, चालंल का? मी म्हटलं, काढ बाबा, सगळ्यांचीच हाय ती. ते फॅन-आर्ट. कुणीतरी जीव लावून काढलेलं. त्या पोराला मी कधी अनधिकृत म्हटलं न्हाय. सगळ्यांची हाय म्हटलं, आणि एकानं उचलून नेली.

आत्ती : आगं, रडू नगंस.

संयोगिता : रडत न्हाय मी. राग आलाय. राग आला की माझ्या डोळ्यांतनं पाणी येतं, तुला म्हाईत हाय.

वकील : हे बघा, 'लढा' म्हणून सांगणं मला अवघड नव्हतं. तसे सांगणारे या इमारतीत पुष्कळ आहेत. वर्षं जातील, तारखा पडतील, कदाचित तुम्ही जिंकालही. पण हंबीररावांना पिंजऱ्यात उभं करून मी उलटसुलट विचारत असताना तुम्ही समोर बसू शकाल का, ते मला सांगा. मला कायद्यात त्याचं उत्तर सापडत नाही.

संयोगिता : आत्ती, खाली आबा काय म्हणाले? खरं सांग.

आत्ती : काय म्हणणार. म्हणाला, मला वाटलं पोरीला कंपनीत बोलावून घेतील. तिचं नाव हुईल. म्हणाला, मंडळाचं म्हंजे घरचंच की, त्यात तिचं न्यारं आन माझं न्यारं कसलं?

संयोगिता : आणि?

आत्ती : आन चहा निवला तरी कप हातात तसाच.

संयोगिता : अजून काहीतरी म्हणाले. तुझ्या तोंडावर दिसतंय.

आत्ती : म्हणाला, तिला सांग, उभं कर म्हणावं मला पिंजऱ्यात. मी येतो. तिनंच काढलं हुतं, मला म्हाईत हुतं, म्हणून सांगतो. व्हायचं ते हुंदे. फेटा बांधून येतो म्हणाला.

संयोगिता : असं म्हणाले?

आत्ती : व्हय.

वकील : मग तर प्रश्नच मिटला. स्वतः कबूल करायला तयार असतील, तर उद्याच दावा दाखल करू.

संयोगिता : न्हाय.

वकील : का?

संयोगिता : येत न्हाय म्हणाले असते तर ओढत आणलं असतं. पेन द्या.

वकील : हे हमीपत्र नीट वाचा आधी.

संयोगिता : वाचलं. 'सदर पात्राची निर्माती असल्याचा दावा मी यापुढे कधीही करणार नाही.' कुठं करायची सही?

वकील : इथं. आणि मागं जोडलेल्या सगळ्या पानांवर. पानापानावर तुमचं एकेक चित्र छापलंय, त्याच्या खाली.

संयोगिता : बघितलंस, आत्ती? आबांनी पुसली होती ना, टाचेपाशी केलेली सही? आता हे प्रत्येक चित्राखाली करून मागाल्यात.

आत्ती : कर. त्यांच्या कागदावरबी आपली सही चांगली दिसली पायजे.

संयोगिता : झाली.

वकील : हे एक राहिलं. तबकडीचं.

संयोगिता : झाली.

वकील : साक्षीदार म्हणून एक सही लागेल. मावशी, तुम्ही कराल का?

आत्ती : करते की. उजवा हात हाय मला.

वकील : इथं, या रेघेवर. पूर्ण नाव लिहा.

आत्ती : तानाबाई लिवलं तर चालंल न्हवं? का त्यास्नी इचारायला लागंल?