पायरीवरचं पाणी

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात बालसुधारगृहाबाहेर भेटीच्या रांगेत नेइजी मुलाचा डबा घेऊन उभी होती. पुढे एक तरुण बाई आणि बेकरीवाली म्हातारी बोलत होत्या.

"नातू का हो आत, मावशी?"

"नातू कसला! एराल्दो म्हणून आहे एक. माझ्या दुकानाच्या पायरीवर झोपायचा मेला. रोज पहाटे फिनेलचं पाणी ओतून उठवायचे त्याला."

"अगं बाई! भांडायचा नाही?"

"छे! मुकाट उठायचा, शिळा पाव मागायचा. म्हटलं, एकाला दिला की दहा जमतील. मग एक दिवस चाकू दाखवून कुणाचा तरी मोबाइल हिसकावला, आणि आला इथे."

"मग तुम्ही कशा आलात?"

"इथल्या साहेबांनी त्याला विचारलं, तुझ्या घरचं कोण? तर या शहाण्याने माझं नाव सांगितलं! माझं!"

"तुमचंच का पण?"

"मीही तेच विचारलं गेल्या रविवारी. तर म्हणतो, रोज सकाळी तुम्हीच तर उठवायचात."

रांग सरकली. फाटकावरच्या शिपायाने म्हातारीची पिशवी ओढली.

"एराल्दोच्या कोण तुम्ही?"

"त्याला उठवणारी. आणि पिशवी जपून धर, पाव गरम आहेत."